नळ्या कोण कापत होतं

आमच्या केळीत ठिबक बसलं ते माझ्या हट्टाने. मी जळगावला पाइपांच्या एका कारखान्यात, ऑफिसात होतो आणि दर रविवारी चोपड्याजवळच्या आमच्या गावी जायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शिवारात एकेक जण नळ्या टाकत होता आणि पाइपवाल्याच्याच मळ्यात पाटाने पाणी चाललंय, याची मला लाज वाटायची. शेती थोरला भाऊ बघायचा. पाणी भरायचे ते आमचे वडील, आबा.

आबा पंच्याहत्तरीचे होते. सकाळी खांद्यावर फावडं टाकून दीड मैल चालत मळ्यात जायचे आणि दुपारपर्यंत चिखलात उभे राहून या सरीतलं पाणी त्या सरीत वळवायचे. पाणी कुठे अडलं की त्याला शिव्या घालायचे, त्या तीन मळे पलीकडे ऐकू जायच्या. घरी येऊन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, दोन भाकरी, वर ठेचा. मला मात्र त्यांची कीव यायची. या वयात बापाला चिखलात उभं करतात, लोक काय म्हणत असतील?

नळ्या बसल्या त्या दिवशी भाऊ म्हणाला, "आबा, आते खाटवर बसा. बठ्ठं पानी आपोआप जास."

आबा एका केळीच्या बुडाशी टपटपणारं पाणी बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा आनंदाने गप्प झाला. एवढी माझी अक्कल.

पाच महिन्यांत माणूस ओळखू येईना. दोन भाकरींची अर्धी झाली, तीही ताटात चिवडलेली. पायांवर सूज आली. भिंत धरून चालायचे, बैलांची नावं विसरायचे. तो आवाज तर कुठे गेला कळेना. पाणी मागितलं तरी वहिनीला जवळ जाऊन ऐकावं लागायचं. मी त्यांना जळगावला आणलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वय झालं. पाच महिन्यांत वय होतं? मी तिथेच त्यांच्याशी भांडलो आणि मग टॉनिकच्या दोन बाटल्या घेऊन मुकाट घरी आलो. वहिनीने बहिणींना निरोप धाडला, येऊन भेटून जा. त्या निरोपाचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही.

घरात जीव घुसमटतो असं ते सारखं म्हणत, म्हणून भाऊ त्यांना सकाळी बैलगाडीत घालून मळ्यात न्यायचा, निंबाखालच्या खाटेवर निजवायचा आणि स्वतः दुसऱ्या तुकड्यात कामाला जायचा.

त्यातच नळ्या कापल्या जायला लागल्या. पहिल्यांदा वाटलं खारी असतील, मग वाटलं उंदीर. भाऊने औषध टाकून पाहिलं. पण एका रविवारी मी तुकडा हातात घेतला आणि बघितलं तर काप सरळ होता, विळ्याचा. बांधापलीकडे एका नानांचा मळा होता आणि मळ्यातच त्यांचं घर; नाना आबांच्याच वयाचे. बांधावरून दोन्ही घरांचं जुनं वाकडं. मला आणखी पुरावा कशाला हवा? मी बांधावर उभा राहिलो आणि त्यांच्या सुना समोर असताना त्या म्हाताऱ्याला नको नको ते बोललो. चोर म्हणालो. वयाची लाज काढली.

नाना कुणाचा एक शब्द ऐकून घेणारे नव्हते. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकलं, आमच्या निंबाकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेले. मी म्हटलं, बघा, चोराच्या तोंडून शब्द फुटत नाही.

पुढच्या सोमवारी रजा टाकून मी काठी घेऊन केळीत दबा धरून बसलो. दहाचा सुमार असेल. मोटार चालू होती. वाळलेली पानं चुरचुरली आणि समोरून आबा आले.

भिंत धरल्याशिवाय पाऊल न टाकणारे आबा, कशालाच न धरता आले. हातात विळा. खाली बसले, नळी उचलली आणि एका झटक्यात कापली. मग पानांच्या ढिगाखालून आपलं फावडं काढलं, सांडणाऱ्या पाण्याला वाट खणली आणि ते एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्याकडे न्यायला लागले. पाणी मध्येच अडलं. आबांनी त्याला शिवी घातली. तोच आवाज, खणखणीत.

खोटं कशाला सांगू, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बहिणींना बोलावणी धाडतोय, त्या नानांना मी नको ते बोललोय, आणि हे इथे! मी ओरडलो, "आबा! काय चालू शे हे?"

फावडं त्यांच्या हातून गळालं. माझ्या डोळ्यांदेखत पाठ वाकली, हात आधार शोधायला लागले. मघाचा माणूस गेला आणि खाटेवरचा म्हातारा परत आला. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. आणि मग माझ्या बापाने मला हात जोडले. मला, ज्याला त्यांनी याच मळ्यात विळ्याच्या मुठीने बडवलं होतं.

"माले खाटवर नको बसाडू रे," ते म्हणाले. "मी बशी बशी मरी जासू."

मी त्यांचे हात धरून खाली केले. मी फावडं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळी भाऊला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीकडच्या चार सऱ्यांमधल्या नळ्या गुंडाळून ठेवल्या आणि तिथे पुन्हा पाट काढला. भेटायला म्हणून बहिणी आल्या, तेव्हा आबा घरी नव्हतेच, पाणी भरायला गेले होते. त्यानंतर आबा आठ वर्षं जगले.

पण पाट काढला त्या दिवशी एक काम माझं उरलं होतं. मान खाली घालून मी नानांकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी पाय धरले, म्हटलं, नाना, चुकलं, नळ्या आबाच कापत होते.

"माले पहिला दिनपासून माहीत व्हतं," नाना म्हणाले.

मी विचारलं, मग एवढ्या शिव्या का खाल्ल्या? सुनांसमोर चोर का ठरलात?

"सांगतू तर तुम्ही तेना हातमाइन इळा काढी लेतात."

मला रडू आवरेना. मी पुन्हा माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. बांधाकडे, आपल्या केळीकडे बोट केलं. तिथे जमिनीवर काळ्या नळ्या ओळीने पडल्या होत्या, आमच्यापेक्षाही नव्या.

"माफी ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. मग आवाज खाली आणून, आतल्या सुनांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तुम्हना त्या चार सऱ्यास्मा माले बी येऊ देशी का?"