झेंडूच्या माळेचा फोटो

खंडेनवमी, सकाळ. सबस्टेशनमध्ये हजर: मी (बोईसरच्या एका केमिकल कारखान्याची इलेक्ट्रिकल मेंटेनन्सप्रमुख), बेटेगावचे काका (ठेकेदाराकडून आलेले पॅनेल ऑपरेटर) आणि त्या ठेकेदाराचा सुपरवायझर.

पॅनेल चालू असतात, म्हणून आमची पूजा बाहेरूनच. माळ पॅनेलच्या दारावर, कुंकू कडीला, उदबत्ती बाहेर ओट्यावर. हे मी दरवर्षी बजावते आणि काका दरवर्षी म्हणतात, "हाय ठावं मॅडम." नारळ फोडून मी आणि सुपरवायझर ओट्यावर आलो, तेवढ्यात आतून 'खाड्' आवाज झाला आणि सगळा कारखाना गप्प झाला. जनरेटर सुरू होईपर्यंत एका रिअॅक्टरमधला माल घट्ट होऊन बसला.

"चाचा, कौनसा बटन दबाया?" सुपरवायझर ओरडला.

"बटनाला हात नाय लावला. फोटू काडला, बास. पोरीला धाडायला."

फॅक्टरी मॅनेजर धावत आले. "उद्यापासून हा माणूस नको." सुपरवायझरने लगेच मान हलवली.

काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पिवळीधमक माळ, मध्ये दाराची काच, काचेत फ्लॅशचा पांढरा ठिपका.

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. याच काचेमागे उन्हाळ्यात आम्ही काचेच्या तंतूचे सेन्सर बसवले होते. आत ठिणगी उडाली, की तिचा उजेड पाहून ते क्षणात ब्रेकर पाडतात. म्हणजे आग लागायच्या आत वीज बंद.

मी ब्रेकर बाहेर ओढून टेस्टवर घेतला. आता तो पडला तरी कारखान्याला धक्का नव्हता.

"काका, मघासारखाच फोटो काढा."

"नको मॅडम. एक काडला त्यात नोकरी चालली."

"काढा हो."

फ्लॅश चमकला. खाड्.

"म्हणजे मोबाइलवाला कुणीही कारखाना बंद पाडणार?" मॅनेजर म्हणाले.

"लग्नाचा फोटोग्राफर आणला तर दर मिनिटाला पाडेल, साहेब." बसवणाऱ्यांनी सेटिंग नुसत्या उजेडावर ठेवलं होतं. उजेड आणि करंटची उसळी, दोन्ही एकदम दिसले तरच ब्रेकर पडायला हवा. त्यांना फोन लावून ते बदलून घेतलं. पुन्हा फ्लॅश मारला. ब्रेकर हलला नाही.

मॅनेजर जाता जाता काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या फर्स्ट शिफ्टला या." सुपरवायझरने पुन्हा लगेच मान हलवली.

काकांनी मात्र भीतीने सगळे फोटो पुसून टाकले. चिंचणीला दिलेली त्यांची मुलगी दर खंडेनवमीला बापाच्या पॅनेलचा फोटो मागते. फ्लॅशशिवाय चांगला काढून देते, असं मी कबूल केलंय. काकांनी माळ अजून उतरवलेली नाही. फुलं पार वाळलीत. फोटो काढायचा राहिलाय.