बिभीषण आणि मान मोजणारी मॅडम

बिभीषण माझा सख्खा धाकटा भाऊ, तरी सांगते, असला बिनकण्याचा माणूस परंडा तालुक्यात हुडकून सापडायचा न्हाय. दूध डेरीवर कामाला आहे. चेअरमन म्हणाला दूध पातळ, की हा म्हणणार व्हय, पातळच. दूधवाला म्हणाला घट्ट, की व्हय, घट्टच. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी ह्याची मान सुरू. घरात मात्र बायको बोलायला लागली की मोबाइलमधनं डोळं वर करायचा न्हाय.

त्याची पोरगी प्रतीक्षा बारावी झाली, धाराशिवला नर्सिंगला नंबर लागला. तेवढ्यात चेअरमननं उमरग्याच्या ट्रकवाल्याचं स्थळ आणलं अन् ह्यानं घरात कुणाला न विचारता व्हय म्हणून टाकलं. पोरगी अन्नपाणी सोडून बसली. गौराबाई, म्हणजे माझी भावजय, त्याला सांगून सांगून थकली. रविवारी सुपारी फुटायची होती. एकदा सुपारी फुटली की आमच्यात माघार न्हाय.

त्याच आठवड्यात पुण्याहून आरोही मॅडम आल्या. माणसं बोलता बोलता एकमेकांच्या तालात कशी येतात, ह्याचा त्यांचा अभ्यास. एक हसला की दुसरा हसतो, एकाची मान हलली की दुसऱ्याची हलते, बोलणं रंगलं तर श्वाससुद्धा जुळतो म्हणे. नवराबायकोच्या छातीला पट्टे बांधायचे, समोरासमोर खुर्च्यांवर बसवायचं अन् दोघांवर दोन कॅमेरे लावायचे. मग कॉम्प्युटरवर त्या बायकोची हालचाल कधी न भेटलेल्या परक्या माणसाच्या हालचालीशी लावून बघायची, नुसत्या योगायोगानं किती जुळतं ते कळावं म्हणून. मला तर हसूच आलं. आमच्या गौराच्या बाबतीत नवरा काय अन् परका काय, सारखंच निघालं असतं.

बिभीषण सगळ्यांच्या पुढं. ह्याला वाटलं, ज्याची मान जास्त हलंल त्याला जास्त मार्क. मॅडमनी समजावलं की ही परीक्षा न्हाय. त्यालाही ह्यानं मान हलवली. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

आता आमच्याकडं नणंदेसमोर सून नवऱ्याशी तोंड वर करून बोलत न्हाय, त्याच्यासमोर खुर्चीवर तर बसतच न्हाय. पण मॅडमनी आम्हा सगळ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीतनं बाहेर काढलं. मी गेले अन् खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले. अभ्यास त्यांचा, पण बघितलं अन् ऐकलं म्या. मॅडमनी दोघांना सांगितलं की घरात ज्यावर पटत न्हाय त्याच्यावर बोला. गौरानं पदर सावरला अन् पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलली.

"रविवारची सुपारी फोडायची न्हाय. पोरगी शिकायला जाईल."

बिभीषणानं कॅमेऱ्याकडं बघत नंदीबैलासारखी मान हलवली.

"नकार आपणच कळवायचा."

पुन्हा हलवली. वर दात काढून हसला.

घरी आल्याबरोबर गौरानं त्याच्याकडं फोन मागितला, तेव्हा गडी ताळ्यावर आला. अगं, ते मशीनसाठी होतं, म्हणाला. मी तिथंच बसलेले. तरी गौरानं मान खाली घातली न्हाय.

"चेअरमनसाठी हलती, मशीनसाठी हलती. घरासाठी कवा हलायची?"

तिनं फोन घेतला, उमरग्याला लावला अन् सांगितलं की ह्यांचा नकार आहे. ट्रकवाला तिकडनं खवळला, बिभीषणरावांना द्या म्हणाला. तिनं फोन ह्याच्यापुढं धरला. माझा जीव टांगणीला. हा आता बायकोला खुळी ठरवून मोकळा झाला असता, तर पोरीचं वाटोळं झालं असतं.

ट्रकवाल्याचा आवाज चढलेला. "तुम्हीच नकार दिला म्हणं. खरं हाय का हे?"

"व्हय, व्हय पाहुणं," बिभीषण म्हणाला. "खरं हाय."

तिकडनं फोन आपटला. मग हा चेअरमनला काय सांगू म्हणून कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात प्रतीक्षा आतनं पळत आली अन् त्याच्या पाया पडली. आण्णा, तुम्ही माझ्यासाठी चेअरमनला अंगावर घेतलं, म्हणून हमसून हमसून रडायला लागली. त्या भेकडानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जणू खरंच काही केलं होतं. लई चीड आली मला. पोरीला खरं काय ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण जीभ रेटली न्हाय.