मालिम काकूंच्या नावाची नाशपाती

मालिम काकूंनी फेकून मारलेली नाशपाती माझ्या बरगडीवर बसली तेव्हा मी चाळिशीचा बाप्या होतो. पाऊण किलोचं फळ. पंधरा दिवस डाव्या कुशीवर झोपता आलं नाही. तरी कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, की त्या बाईचं काही चुकलं नाही. चुकलं माझं, आणि माझ्याहून जास्त आमच्या सोसायटीच्या सोक चेअरमनचं.

काकू लग्न होऊन नाजू शहराजवळच्या आमच्या गावात आल्या तेव्हा बागेतली कामं वाटून दिलेली असायची. वसंतात शिडीवर चढून पिसांच्या गोंड्याने फुलाफुलाला पराग लावायचा, मग विरळणी करायची, मग एकेका फळाला कागदी पिशवी बांधायची, हे बायकांचं. छाटणी पुरुषांची. काकूंचा नवरा सदतिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेला. दोन मुली पदरात. महिनाही झाला नव्हता, तेव्हा थोरले दीर अंगणात येऊन बसले.

"मालिम, बाग आता मी बघतो. तू घर बघ. तांदळाला, किमचीला कमी पडू देणार नाही."

"का? झाडांनी बोलावणं धाडलं का तुम्हाला?"

"अगं, छाटणी कोण करणार? तू?"

"मीच. कात्री धरायला मिशा लागत नाहीत."

दीर उठले ते सात वर्षं बोलले नाहीत. गावातही कुणी काकूंना छाटणी शिकवली नाही. भर थंडीत, पानं झडलेली असताना, त्या दुसऱ्यांच्या बागांच्या कडेने फिरायच्या आणि कोणी कुठे काप घेतलाय ते बघत उभ्या राहायच्या. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी फळधरत्या काड्याच उडवल्या. तीन ओळींत नुसता पाला. गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या हिवाळ्यात प्रत्येक कापाशी त्यांनी लाल दोरा बांधला आणि वर्षभर तिथे काय फुटतं ते पाहत राहिल्या. पाचव्या वर्षी त्यांच्या नाशपातीइतकी गोड नाशपाती आमच्या अख्ख्या पट्ट्यात नव्हती. त्याच बागेवर दोन्ही मुली शिकल्या, शेजारचा उतार विकत घेतला, निळा टेम्पो आला. हसणारे लोक मग छाटणीच्या दिवसांत त्यांच्या कुंपणापाशी रेंगाळायला लागले. काकू त्यांना बघून कात्री खाली ठेवायच्या आणि ते जाईपर्यंत उचलायच्या नाहीत.

आता एका मलमाचं सांगतो. छुसोक हा आमचा सुगीचा सण चंद्राच्या तिथीने येतो. एखाद्या वर्षी तो सप्टेंबरच्या सुरुवातीलाच येतो, आणि आमचं फळ पिकतं महिना सरताना. सणाला पितरांपुढे नाशपाती हवी, तीही टपोरी. भेटीच्या पेट्याही त्याच आठवड्यात खपतात. सण गेला की कुणी विचारत नाही. म्हणून देठाला वाढीचं मलम लावायची पद्धत आली. फळ आठ-दहा दिवस आधीच फुगतं, पिवळं दिसतं, पण आत गोडी उतरलेली नसते. आमच्या प्रतवारी सोसायटीच्या बैठकीत सोक चेअरमनने सगळ्यांना मलम घ्यायला लावलं. काकू एकट्याच विरोधात उभ्या राहिल्या.

"वहिनी, गिऱ्हाईक डोळ्यांनी माल घेतं," चेअरमन म्हणाला.

"आणि खातं कशाने? डोळ्यांनीच?"

"पितर काही तक्रार करायला येत नाहीत." सगळे खो खो हसले. मीही हसलो.

"मग तुमच्या वडिलांपुढे तुम्ही मुळा वाढा," काकू म्हणाल्या. "माझ्या माणसापुढे मी नाही वाढणार."

काकू मलम न लावता फळं ऑक्टोबरात तोडायला लागल्या. पहिली दोन वर्षं त्यांना फार जड गेली. मग राजधानीतून, सोलच्या घरांतून त्यांच्या नावाने मागणी यायला लागली. पेटीवर बागायतदाराचं नाव आणि फोटो असतो. डोक्याला रुमाल बांधलेला काकूंचा तो रागीट चेहरा लोक ओळखायला लागले.

एका वर्षी सण फारच लवकर आला. मी सोसायटीच्या शेडमध्ये प्रतवारीचा पट्टा चालवायचो, त्या कामाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. चेअरमनने एक भेंडोळं माझ्यासमोर टाकलं. काकूंच्या नावाची लेबलं.

"दुशिक, या लॉटला ही लाव."

"साहेब, काकूंची फळं तर अजून झाडावर आहेत."

"तुला पगार फळं ओळखायचा मिळतो की पट्टा चालवायचा?"

लावली मी. तीन दिवस लावत होतो. पहिल्या दिवशी हात जड झाला. तिसऱ्या दिवशी मी लेबलं लावता लावता गाणं गुणगुणत होतो. चेअरमनपेक्षा मला त्या गाण्याचा जास्त संताप येतो, अजून येतो.

सणानंतर काकूंना सोलहून एका बाईचा फोन आला. आई गेल्यानंतरचा तिचा पहिलाच छुसोक होता.

"आईच्या ताटासाठी तुमचं नाव बघून घेतली हो मी. पाव्हण्यांसमोर कापली तर नुसतं पाणी! लाज नाही वाटत?"

"बाई, मी अजून एक फळ तोडलेलं नाही."

"मग पेटीवर तुमचा फोटो काय उडत आला? खोटारड्या कुठल्या!" फोन आपटला.

काकूंना आजवर लोक काय काय म्हणाले होते. भांडखोर, हेकट, नवरा गिळलेली. खोटारडी कुणी म्हणालं नव्हतं.

निळा टेम्पो शेडच्या दारात करकचून थांबला तेव्हा पट्टा चालू होता. कोपऱ्यात उरलेल्या पेट्या होत्या, प्रत्येकीवर काकू. त्यांनी एक फोडली, फळाचा चावा घेतला आणि तिथेच थुंकल्या.

"कुणी लावलं हे?"

"वहिनी, आत बसू, चहा घेऊ," चेअरमन पुढे आला.

"कुणी लावलं?"

मी हात वर केला. नाशपाती आली ती तेव्हा.

"सोळा वर्षं माझं फळ हातात घेतोयस, दुशिक! डोळे फुटले होते का?" मग त्या चेअरमनकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. "आणि तू! तुझं स्वतःचं तोंड नव्हतं छापायला?"

"एवढं काय त्यात? दोनशे पेट्या तर होत्या. तुमचंच नाव झालं ना मोठं?"

"माझं नाव?" काकूंनी दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. बोटं आल्याच्या गाठींसारखी वाकडी झाली होती. "हे बघ माझं नाव. तीस हिवाळे शिडीवर काढलेत. तू फुकट घ्यायचंस होय ते? पेट्या गेल्या त्या सगळ्यांचे पत्ते दे."

"ते सोसायटीचे कागद आहेत. सभासदांना मिळत नाहीत."

मी बरगडी धरून उभा होतो. काय झालं कोण जाणे, फळीवरची यादी काढली आणि काकूंच्या हातात दिली.

"उद्यापासून येऊ नकोस," चेअरमन म्हणाला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरात त्यांनी यादीतल्या प्रत्येक घरी स्वतःच्या बागेची एकेक पेटी पाठवली. सगळ्यात चांगला माल त्यातच गेला. प्रत्येकीत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: "मागची माझी नव्हती. ही माझी आहे. खाऊन बघा, मग काय म्हणायचं ते म्हणा." मी मदतीला गेलो, तर म्हणाल्या, "पेट्या उचल. तोंड उघडू नकोस." तेव्हापासून मी तिथेच आहे.

सोसायटीने फळ्यावर माफीचं पत्रक लावलं. त्यात लिहिलं होतं, कामगाराच्या चुकीमुळे. काकूंनी ते फाडून चेअरमनच्या टेबलावर ठेवलं आणि सभासदत्व सोडलं. सोलची ती बाई दरवर्षी माल मागवते, तिच्या इमारतीतली निम्मी घरंही. एवढ्याच जमिनीत काकूंइतकं गावात कुणी कमवत नाही. चार बागांनी मलम सोडलं. बाकीचे अजून लावतात, आणि सोक त्यानंतर दोनदा चेअरमन झाला. बिनविरोध.

परवाच्या हिवाळ्यात तो आमच्या फाटकाशी आला. बायकोचा खोकला महिनाभर हटत नव्हता. खोकल्यावर आमच्याकडे वाफवलेली नाशपाती देतात, पण मलमाची फळं डिसेंबरपर्यंत टिकत नाहीत, आतून काळी पडतात. काकू कोठीत गेल्या, तीन फळं निवडली, पुसून कागदात बांधली.

"तिच्यासाठी आहेत. गाभा काढून आत मध घाल, आल्याचा तुकडा टाक, सावकाश वाफव. तू चाखूनही बघायचं नाहीस."

तो पुडकं धरून घुटमळला. "वहिनी, अजून राग आहेच का?"

"आहे. जा आता, ती तिकडे खोकतेय."

तो उतारावरून दिसेनासा होईपर्यंत त्या फाटकाची कडी धरून उभ्या होत्या. मग कडी इतक्या जोरात आपटली की कुत्रं उठून पळालं.