अनिताच्या गुडघ्याचा शेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तरी सुरुवात उंचीपासूनच करणार — कारण त्या उंचीपायी माझं डोकं उठलंय.

नांदेडच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे, बास्केटबॉल शिकवते. मैदानावर येणारे आई-बाप पोरगी खेळते कशी ते सांगतच नाहीत. "मॅडम, पोरगी लई उंच हाय, घ्या की संघात." अहो, उंच आहे तर घरी पंखे पुसायला लावा तिला! दम आहे का? रिंगवर आदळून चेंडू परत येतो, तेव्हा तो कुठे पडणार हे कळतं का तिला? पण नाही. जो तो इंच मोजत उभा.

आणि हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं कुणी? मीच. प्रत्येक शिबिरात मीच घसा ताणून सांगायचे — रिंगखाली खेळणाऱ्या दोघी उंचच हव्यात. आमच्या मैदानाच्या खांबावर मी खडूनं रेघ मारून ठेवली होती, पाच फूट आठ इंचांवर. रेघेला डोकं लागलं नाही की मुलगी बाजूला. खेळून बघायचंसुद्धा नाही.

त्यात मला स्नेहल सापडली. किल्लारीची, नांदेडला क्लाससाठी राहणारी, पाच फूट अकरा इंच. मी तर हवेतच! पेपरात तिच्याशेजारी माझाही फोटो आला. ती बिचारी डॉक्टर व्हायला आलेली, खेळाचे वाढीव गुण मिळतील म्हणून मैदानात यायची. चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची. मी म्हणायचे, होईल सवय.

मग लातूरला विभागाच्या मुलींच्या संघाची निवड होती. निवडणारे आम्ही दोघं — मी आणि तिथले एक सर. तिथे अनिता आली. बिलोलीकडच्या एका खेड्यातली, बारावीतली, जेमतेम पाच फूट चार. सकाळीच मला म्हणाली होती, "मॅडम, निवड झाली तर नांदेडला कॉलेजात खेळाडू म्हणून घेणार हायत. न्हाई झाली तर बाबा म्हणले, पुरं झालं शिक्षण." म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

निवडीच्या खेळात अनिताला स्नेहलसमोर उभं केलं. चेंडू हवेत असतानाच ती स्नेहलकडे पाठ करायची, गुडघे वाकवून, कंबर लावून तिला रिंगपासून मागे रेटत न्यायची. मग चेंडू खाली येणार तो अनिताच्याच हातात. एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी. सर हसायला लागले. "मॅडम, रिंगखाली पहिल्या पाचात हीच. तुमची ती खांबावरची रेघ पुसून टाका आता."

थट्टाच होती ती. पण मला झोंबली. तिला संघाच्या बारा जणींत नुसतं घेतलं असतं, तरी पहिल्याच सामन्यात सगळ्यांना दिसलं असतं की मी इतकी वर्षं काय शिकवत होते. — किती फिरवतेय मी! सांगून टाकते.

मी तिच्या अर्जावर शेरा लिहिला. उजव्या गुडघ्यात दोष, खेळणं धोक्याचं. सरांना म्हटलं, आमच्या जिल्ह्यातली मुलगी आहे, मला माहितीये, गुडघा मागेच दुखावलाय. त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये?

यादीत नाव नाही म्हणून अनिता माझ्याकडे आली. मी तिलाही तेच सांगितलं. "पण मॅडम, माझा गुडघा दुखतच न्हाई," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लागली. थांबेचना. आणि मी काय म्हणाले? "आत्ता नाही कळत बाळा. पुढे त्रास देईल."

राज्य स्पर्धेत आम्ही पहिलाच सामना हरलो. मी सांगत सुटले, समोरच्या मुली आमच्याहून उंच होत्या! अनिताचं शिक्षण थांबलं. शेरा गावापर्यंत पोचला होता. तिला बघायला येणारे आधी चालून दाखव म्हणायचे, असं तिच्या शाळेतल्या सरांकडून कळलं. मी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी ती मला नांदेडच्या बसस्थानकावर भेटली. कडेवर मुलगी. तिनंच ओळखलं. म्हणाली, "मॅडम, पाया पडले असते, पण वाकत न्हाई मी. लई जपते. खाली बसत न्हाई, पळत न्हाई, पायऱ्यासुद्धा एकेक करून चढते. तुम्ही येळेवर सांगितलं म्हणून गुडघा टिकला बघा."

तिचा गुडघा ठणठणीत होता, तेव्हाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिची बस अजून लागायची होती, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "अशीच जपत जा."