भट्टीवरचे कपडे

"ए, हात लावू नको तिला!"

शेठची बायको एवढ्या जोरात ओरडली की माझ्या हातातला चष्मा पडता पडता राहिला. शेठ तो भट्टीवर विसरला होता. मुकादमानं मला तो द्यायला सिन्नरला बंगल्यावर पाठवलं. मी पायरीवर उभी होते. शेठची नात धावत आली, तिनं माझा पदर धरला. बाईनं तिला ओढलं, अंगणातल्या नळाखाली धरलं, साबणानं हात घासले. माझ्यासमोर.

मी मान खाली घातली. आम्ही पेठच्या डोंगरातले, कोकणा आदिवासी. असलं लहानपणापासून पाहिलेलं.

बाईला काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "जातीपातीचं नाही हं मनात. तुझ्या कपड्यांवर शिसं असतं. लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो. हेसुद्धा भट्टीवरून आले की बाहेरच आंघोळ करतात."

चांगुलपणानं सांगत होती.

मी चालत परत आले. राग नाही. रडू नाही.

तीन वर्षं मी त्या भट्टीवर. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या कुऱ्हाडीनं फोडायच्या, अ‍ॅसिड चरात ओतायचं, आतल्या प्लेटा भट्टीत टाकायच्या. शिसं वितळलं की त्याच्या विटा पाडायच्या. राखाडी धूळ केसात, भाकरीत. राहायला भट्टीमागची खोली. माझी छबी पाच वर्षांची. बोलणं मागं पडलेलं. पोट दुखलं की माझ्याच पदरात तोंड खुपसून झोपायची. मला वाटायचं, नजर लागली. अंगारा लावायचे.

त्यांना माहीत होतं.

सकाळी शेठ आला. मी कुऱ्हाड उचलली नाही.

"शेठ, तुमी आंघोळ करून घरात जाता. आमाला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर कामाला आली असतीस का?" तो म्हणाला. "जायचं तर जा. पेठहून जीप भरून येतात तुझ्यासारख्या."

छबीला कडेवर घेतलं. निघाले.

नाशिकला सरकारी दवाखान्यात तिचं रक्त काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात शिसं खूप आहे. आणखी जाऊ देऊ नका. झालेलं नुकसान भरून येईलच, असं नाही सांगता येत."

मी बरं म्हटलं.

छबी आता बारा वर्षांची. स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिला.

भातकापणी संपली की मुकादमाची जीप पेठला येते. दरवर्षी मी तिथं जाते. जीपमधल्या एकेका बाईला सांगते. जिच्या मांडीवर लेकरू, तिला आधी. मुकादम म्हणतो, "बाई येडी हाय." गेल्या साली दोघी उतरल्या. बाकीच्या गेल्या. घरात दाणा नव्हता, त्यांना काय बोलू.

यंदा सांगून थांबणार नाही. जीपपुढं रस्त्यावर आडवी होणार. मग काढ म्हणावं गाडी.