सुशीलाबाईंच्या यंत्रात दोष नव्हता

सुशीलाबाई गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, मीनलनं, फोनवर सांगितलं. मी नुकताच शेतातल्या बांधीवरून धान पाहून घरी आलो होतो. "भाऊ, आई गेली," एवढंच ती म्हणाली. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं हे लिहायला लाज वाटते. दुःखाच्याही आधी आलं ते एवढंच... आता त्यांना सांगायचं राहून गेलं. त्याला पाच आठवडे झाले. जे त्यांना सांगितलं नाही ते आता तुम्हाला सांगतो आहे.

ब्रह्मपुरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या आणि मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. माझी बायको तेव्हा सिरोंच्याला शाळेत नोकरीला होती. तिकडे जाऊन येण्यात दोन दिवस मोडायचे, म्हणून आठवड्यातून एकदा मी ट्रंक कॉल लावून एक्स्चेंजच्या बाकावर बसून राहायचो. "सिरोंचा लागला भाऊ, बोला," असं म्हणून सुशीलाबाई कानावरचं यंत्र काढून मांडीवर ठेवायच्या. मला काचेतून ते दिसायचं. एकदा मी विचारलं, "बाई, कधी ऐकावंसं वाटत नाही का?" त्या हसल्या. "काय ऐकाचं भाऊ? सगळे नवरे एकच विचारतेत, जेवली का. अन् सगळ्या बायका हो म्हणून खोटंच सांगतेत. जोडून देलं का आपलं काम झालं, मंग कान काढून घ्याचे."

पुढे घरोघरी फोन आले, मोबाइल आले, एक्स्चेंज ओस पडलं आणि सुशीलाबाई पन्नाशीत नोकरीतून मोकळ्या झाल्या. मीही निवृत्त होऊन कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा सचिव झालो होतो. एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या, हातात मीनलचं इंजिनिअरिंगचं पुस्तक. संगणक शिकायचा म्हणाल्या. मी गंमत केली, "आता या वयात?" तर म्हणाल्या, "काऊन, तुमी या वयात सचिव झाले ते चालते?" पुढची तीन वर्षं त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. कधी मुलांसोबत बसून, कधी नेटवर पाहून, चुकत-माकत त्या प्रोग्राम लिहायला शिकल्या.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्या गावातल्या डॉक्टर बाईंकडे सिरोंच्याकडच्या बायका यायच्या त्या दुखणं फार वाढल्यावर. छातीत गाठ असली तरी ती गावात कोणाला दाखवायची, फोटो काढला तर तो कोणाकोणाकडे जाईल, या भीतीनं त्या गप्प बसायच्या. सुशीलाबाईंनी ब्राउझरमधूनच चालणारं व्हिडिओ बोलणं तयार करायला घेतलं. काही बसवायचं नाही, खातं उघडायचं नाही. पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवलं की डॉक्टर समोर. चेहरा, आवाज, फोटो, तपासणीचे कागद, सगळं या यंत्रातून थेट त्या यंत्रात. मध्ये कुठेही साठवून ठेवायचं नाही. "सुरुवातीले एक यंत्र दोघांची ओळख करून देते," त्या मला समजावत, "याचा पत्ता त्याले, त्याचा याले. मंग ते बाजूले होते. माझ्यासारखं."

पण मोबाइलच्या नेटवर पुष्कळदा दोन यंत्रं एकमेकांपर्यंत थेट पोचू शकत नाहीत. तेव्हा आणखी एक यंत्र मध्ये उभं राहून सगळं इकडून तिकडे पोचवतं, बंद पाकीट न उघडता नेणाऱ्या पोस्टमनसारखं. हे यंत्र त्यांनी कॉलेजच्या सामानाच्या खोलीत ठेवलं होतं. हेही त्यांनी मला समजावलं होतं. मी मान हलवली होती. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक ना मी... मला समजत नाही, असं मला वाटतच नसे.

आरोग्य खात्यातले साहेब पाहायला येणार होते. त्यांना ते पसंत पडलं तर सिरोंचा तालुक्यातल्या उपकेंद्रांत ते सुरू करायची परवानगी मिळणार होती. आदल्या दिवशी सुशीलाबाईंनी माझ्या खोलीत दोन लॅपटॉप ठेवून दाखवलं. लगेच लागलं. मी विचारलं, "आत्ता मधलं यंत्र लागलं का?" त्या म्हणाल्या, "नाई भाऊ, हे दोघं एकाच घरातले, सरळ बोलून राह्यले." एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की खुर्चीला हात लावता येत नव्हता. साहेबांसाठी कूलर आणला, पण खोलीतला बोर्ड बिघडलेला. मी वायर सामानाच्या खोलीत नेली, तिथल्या एकुलत्या बोर्डातून त्या यंत्राची पिन काढली आणि कूलरची लावली. सरळ बोलतात तर मधल्याचं काय काम, असं म्हणत.

सुशीलाबाईंनी दुवा पाठवला. तिकडे सिरोंच्याला एक नर्स मोबाइल घेऊन बसली होती. पडद्यावर तिचं नाव आलं, पण चित्र येईना. परत लावलं, परत तेच. साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "बाई, फोन जोडणं वेगळं आणि हे वेगळं." कोणीतरी हसलं. सुशीलाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि पुन्हा बटण दाबलं. साहेबांनी जाताना माझं मत लेखी मागितलं. मी तिथेच लिहून दिलं : यंत्रणा अद्याप भरवशाची नाही.

ते गेल्यावर कूलर बंद करायला गेलो आणि पिन हातात घेतल्यावर मला कळलं : सिरोंचा काही त्याच घरातलं नव्हतं, तिकडे पोचायला हेच यंत्र लागत होतं. मी ती मुकाट्यानं परत यंत्राला लावली. पाच मिनिटांनी व्हरांड्यातून हाक आली, "भाऊ, लागला!" नंतर त्यांनी यंत्रातल्या नोंदी पाहिल्या. "अकरापासून दोनपर्यंत बंद दिसते. कोणी हात लावला का?"

"नाही," मी म्हणालो. "तिकडे कोणी गेलंच नाही."

त्यांनी यंत्राच्या नोंदीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. यंत्र आपोआप बंद का पडतं, हे त्या पुढचे चार महिने शोधत राहिल्या. पंखा बदलला, तार बदलली, सगळा प्रोग्राम एक-एक ओळ पुन्हा तपासला. यंत्र घरी नेलं, तिथे नेटची नवी लाइन घेतली आणि त्याच्या शेजारी बसून राहू लागल्या. भेटल्या की म्हणायच्या, "सापडत नाई भाऊ. असंल काहीतरी माझंच चुकलेलं." मी म्हणायचो, "सापडेल." परवानगी आली नाही. डॉक्टर बाई मात्र त्यांच्या ओळखीच्या बायकांशी त्यावरूनच बोलत राहिल्या, आणि ते यंत्र त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. तरी सुशीलाबाईंनी दुसऱ्यांदा अर्ज केला नाही. दोष सापडल्याबिगर कसं मागू, म्हणायच्या.

त्या गेल्यावर मी आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेलो. साहेब बदलले होते. पिन मीच काढली होती हे कबूल करणारं माझं पत्र नव्या बाईंनी वाचलं, जुनी फाइल काढायला सांगितली आणि पोच दिली. त्या पत्राची प्रत घेऊन मी मीनलकडे गेलो. तिनं मला आईच्या खोलीत बसवलं. टेबलावर ते यंत्र सुरूच होतं, त्याचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. डॉक्टर बाईंशी कोणीतरी बोलत असावं. मीनलनं पत्र दोनदा वाचलं. मी वाट पाहत होतो... रागावेल, रडेल.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी तुमच्या चुकीचं पानभर लिवलं. माझ्या आईचं नाव कुठी आहे यात?"

मी पत्र हातात घेतलं. तिथे लिहिलं होतं, 'संबंधित व्यक्तीच्या कामात दोष नव्हता.'

तिनं आईचा पेन माझ्यापुढे ठेवला. त्या टेबलावरच मी ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं : श्रीमती सुशीला देवाजी बोरकर यांच्या. मीनलनं वाचलं. "आता उद्या पुन्हा जा," ती म्हणाली, "अन् हे देऊन या."