मेहकरला नेलेले फेटे

खामगावच्या स्टेशनाबाहेर मेहकरला जाणारी सर्व्हिसची मोटार पाहिली आणि मी दोन पावले मागे सरलो. टायरला जागोजागी ठिगळे, टपावर गाठोडी आणि कोंबड्यांची खुराडी, आत माणसे अशी कोंबलेली की कोणाचा गुडघा कोणाच्या पोटात आहे ते कळू नये. मी पुण्यात व्यायामशाळेत शिकवतो, मुलांना मल्लखांबावर उलटे टांगतो. पण स्वतः मी पक्का भित्रा माणूस आहे. हे गुपित फक्त माझ्या पत्नीला ठाऊक आहे, आणि निघताना डबा हातात देताना ती गालातल्या गालात हसलीही होती.

माझा शाळासोबती वामनराव मेहकरला वकिली करतो. तालुक्यातल्या तरुणांचे खेळ भरवले आहेत, नागपूरच्या सरकारातले एक नामदार मंत्री गुणी पोरांचा सत्कार करायला येणार आहेत, तेव्हा तू पंच म्हणून ये आणि येताना पुण्याहून चांगले जरीकाठी फेटे आण, असा त्याचा निरोप आला होता. नको म्हणण्याचेही मला भय वाटते, म्हणून मी फेट्यांची ट्रंक घेऊन निघालो.

मोटार हाकणारा आणि मोटारीचा मालक एकच होता. गुरबक्षसिंग नावाचा पंजाबी शीख, उंचापुरा, दाढी पिकायला लागलेली. वऱ्हाडात इतकी वर्षे काढली होती त्याने की बोलणे अगदी तिथलेच झाले होते. त्याने मला शेजारी बसवून घेतले. त्याच्या कमरेला कृपाण (शिखांनी धर्म म्हणून बाळगायचे लहानसे शस्त्र) होते आणि ते माझ्याच बाजूला होते. रस्ता कितीही सुंदर असला तरी माझी नजर फिरून फिरून त्या मुठीवर जायची.

रस्ता सुंदर होता खरा. कापसाचे दिवस. गाड्यांची रांग जिनाकडे (सरकी काढायच्या कारखान्याकडे) चाललेली आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले. मग घाट लागला आणि सौंदर्य वगैरे सारे मी विसरलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अर्ध्या चढावर इंजिनातून वाफ निघाली आणि मोटार थांबली.

"उतरा सारे," गुरबक्षसिंग म्हणाला. "इंजन गरम झालं. वरपर्यंत पायी चाला."

आम्ही निमूट उतरलो. मागे बसलेला कापसाचा एक दलाल मात्र हलेना. "मी तिकीट काढून बसलो, पायी चालाले नाही," तो म्हणाला.

"उतरा म्हणतो ना, शेटजी."

"तू मले शिकवतं काय बे?" असे म्हणून दलालाने त्याच्या डोक्याच्या रोखाने हात झाडला. बोटे पगडीला लागली आणि एक पदर सुटला.

आता ते शस्त्र बाहेर येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गुरबक्षसिंग दोन्ही हातांनी पदर खोचत होता. मग त्याने इंजिन चालू करायचे लोखंडी हँडल काढून घेतले आणि कडेच्या दगडावर जाऊन बसला. "माफी मागा," तो म्हणाला. "मंग जाऊ."

दलाल तोंड फिरवून बसला. ऊन डोंगरापलीकडे उतरत होते आणि दरीतून गार वारा यायला लागला होता. बरोबरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने हात जोडले. "मांगून घ्या ना माफी, शेटजी! इथं खाली नाल्यावर वाघरू (बिबट्या) येते पानी प्याले." वाघराचे नाव निघाले तसा खालच्या झुडपातला पाचोळाही वाजायला लागला, निदान मला तरी तो ऐकू आला. दलालालाही आला असावा. त्याने पुटपुटत माफी मागितली, खाली उतरला आणि आम्ही सारे पायी वर पोचलो.

मोटार सपाटीला लागल्यावर गुरबक्षसिंग आपणहून म्हणाला, "मले मारलं असतं तरी चाललं असतं, मास्तर. पगडी आमच्या गुरूनं देलेली इज्जत हाय. चारचौघात ती उतरवली म्हणजे माणूसच उतरवला."

मेहकरला माझी ट्रंक खाली देताना त्याने विचारले, "लई जड हाय. काय हाय हिच्यात?"

"फेटे. उद्या सत्काराला लागणारे."

तो ट्रंकेकडे पाहत राहिला.

वामनरावाच्या घरी पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्या तिखट रश्शात) होती. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आले. वहिनी तूप वाढीत होत्या आणि वामनराव रंगात येऊन उद्याचा बेत सांगत होता.

"नामदारांची एक लकब हाय बरं का! ज्याचा सत्कार, त्याची टोपी सोताच्या हातानं काढतात अन् बांधलेला फेटा त्याच्या डोक्यावर ठेवतात. अकोल्याले लोकं टाळ्या वाजवून थकले म्हणतात."

"सत्कार कोणाकोणाचा?"

"नामदेव कुस्तीवाला. पैनगंगेच्या पुरातून माणसं काढली तो रशीद. अन् पळण्याच्या शर्यतीत पहिला येईन तो. तो तर आपल्या मोटारवाल्या सरदारजीचा पोरगा, हरनामच. दरसाली तोच येते."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. घाटात घडलेले मी त्याला सांगितले. तो मोठ्याने हसला.

"अरे, आपण मान करून राह्यलो ना त्याचा! अपमान थोडाच हाय!"

"पण नामदारांच्या कानावर घालून ठेव."

"मी? नामदारांले?" त्याचे हसू गेले. "मेहकरले नदीवर पूल पाहिजे आम्हाले. कितीक वर्षांनी मंत्री येऊन राह्यले. अन् मी त्यांले सांगू, हात इथं ठेवा, तिथं ठेवू नका?"

सकाळी शर्यत झाली. बालाजीच्या देवळापासून नदीपर्यंत जायचे आणि परत यायचे. मी दोरी धरून उभा होतो. धुळीतून पहिली दिसली ती निळी पगडी. पंचाच्या मनात असे येऊ नये, पण हा पोरगा ठेचकाळावा, दुसरा यावा, असे मला अगदी मनापासून वाटले. हरनाम सगळ्यांच्या पुढे आला आणि दोरी छातीवर घेऊन हसला. मिसरूड फुटलेला, देखणा, सालस मुलगा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे गुरू नानकांचा जन्मदिवस. गुरबक्षसिंगने मोटारीची शेड झाडून, धुऊन, चांदवा बांधून तिथे ग्रंथसाहेब मांडला होता. लाकडाच्या वखारीवाले, खेडोपाडी तवे-कढया घडवणारे असे आसपासचे सारे शीख बायकामुलांसह आले होते. ढोलकी आणि चिमट्याच्या तालावर भजन चालले होते. नामदार आले, ग्रंथसाहेबापुढे वाकले, कढा प्रसाद (तुपात थबथबलेला शिरा) खाऊन "वा" म्हणाले, या समाजाच्या उद्यमशीलतेबद्दल चार शब्द बोलले आणि निघाले. गोरेपान, हसरे, जाड चष्म्याचे गृहस्थ. मी पुढे सरकलो, तोंडही उघडले. पण त्यांच्या पट्टेवाल्याने मला कोपराने बाजूला सारले आणि मोटारीचे दार लागले.

शेडीत लंगर (लहानथोरांनी एकाच पंगतीत बसायचे जेवण) सुरू झाला. पंगतीत पाटीलही होते, हमालही होते. मला रोटी वाढायला खुद्द गुरबक्षसिंग आला. मी हळूच म्हणालो, "सरदारजी, नामदार टोपी काढतात."

"मले माहीत हाय. खामगावले पाह्यलं मी."

"मग हरनामला पाठवू नका."

हरनाम पलीकडे वरण वाढत होता. बाप त्याच्याकडे पाहत म्हणाला, "त्याची माय सकाळपासून त्याची पगडी निरखून राह्यली. साऱ्या मेहकरासमोर त्याचं नाव पुकारतीन. त्याले कसा सांगू, घरी बस म्हणून? अन् मोटारीचं परमिट सरकारच्या हाती हाय. मंत्र्यानं बोलावलं अन् पोरगं आलं नाही, तर काय म्हणतीन?"

"मग काय करणार?"

त्याचा हात कमरेशी गेला आणि तिथेच राहिला. रोटी कशीबशी पाण्याबरोबर गिळली.

दुपारी मैदान माणसांनी फुलले. मंडपात नामदार, वामनराव, गावातली बडी माणसे. फेट्यांचे तबक धरून नामदारांच्या शेजारी उभे राहायचे काम पुण्याचा पाहुणा म्हणून माझ्याकडे आले. खाली अगदी पुढे शीख मंडळी उभी होती, मधोमध गुरबक्षसिंग. एकेकाच्या कमरेकडे माझे लक्ष जात होते. पोलीस होते, पण त्यांच्या हाती नुसत्या काठ्या. एक पगडी खाली आली की या मैदानात काय होईल याची चित्रे डोळ्यांपुढे नाचत होती.

नामदेवाचे नाव पुकारले. नामदारांनी त्याची टोपी उचलली, पट्टेवाल्याकडे फेकली, तबकातला फेटा घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या. मग रशीद. त्याची तुर्की टोपी झेलताना पट्टेवाल्याची फजिती झाली, लोक हसले, रशीदही हसला. पुन्हा टाळ्या. नामदारांना टाळ्या आवडत होत्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"हरनामसिंग!"

तो पायऱ्या चढून आला आणि ताठ उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता. तो नामदारांकडे बघत नव्हता. खाली बापाकडे बघत होता. नामदारांचा उजवा हात हसत हसत वर गेला.

मी तो धरला.

कसा धरला ते मला सांगता येणार नाही. धैर्य तर नव्हतेच. भीती इतकी झाली की ती अंगात मावेना, एवढेच. तबक खाली पडून खणखणले, फेटे लोळत गेले आणि मंत्र्याचे मनगट माझ्या मुठीत होते. फौजदार दोन ढांगांत वर आला.

"साहेब," मी म्हणालो, आणि आवाज बोकडासारखा फाटला, "साहेब, ती टोपी नव्हे."

नामदारांनी जाड भिंगांतून आधी माझ्याकडे पाहिले, मग पोराकडे, मग खाली उभ्या असलेल्या पगड्यांकडे. हुशार माणूस. त्यांनी हात सोडवून घेतला, वाकून एक फेटा उचलला, हरनामच्या हातात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "याच्या डोक्यावर मान आधीच आहे. आम्ही आणखी काय ठेवणार?"

मैदान टाळ्यांनी दणाणले. सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. टाळ्या चालू असतानाच माझ्या कानाशी ते म्हणाले, "पुन्हा कधी माझ्या अंगाला हात लावू नका." मी मान हलवली आणि फेटे गोळा करायला खाली बसलो.

वामनराव त्या दिवशी माझ्याशी धड बोलला नाही. पुलाचा विषय निघालाच नाही म्हणे, आणि ते खापर माझ्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी गुरबक्षसिंगच्याच मोटारीने मी परत निघालो. त्याने तिकीट घेऊ दिले नाही. मोटारीतले लोक मला निरखून पाहत होते, "यानंच धरला हात मंत्र्याचा" असे एकमेकांना सांगत होते, आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटत होते. गुरबक्षसिंग मात्र माझ्याकडे वळूनही पाहत नव्हता.

खामगावला त्याने ट्रंक डब्यात चढवून दिली आणि खिडकीशी उभा राहिला.

"काल तुम्ही सारे माझ्या कृपाणाकडं पाहून राह्यले होते," तो म्हणाला.

मी ओशाळलो.

"मी काही केलं नसतं, मास्तर. ठरवूनच उभा होतो. पगडी खाली आली असती तरी हात जोडून उभा राह्यलो असतो. धंदा हाय, परमिट हाय, पाठीमागं दोन पोरी हायेत. मोठ्या माणसासमोर आपला हात उठत नाही." त्याने पंच्याने तोंड पुसले. "अन् रात्री पोरगं जेवता जेवता म्हणते, बापूजी, तुम्ही खाली उभे होते ना, म्हणून मले भेव नाही वाटलं."

गाडीने शिट्टी दिली.

पुण्यात सगळे मला मंत्र्याच्या मनगटाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, आणि मी रंगवून सांगतोही. पण मला आठवतो तो खामगावचा फलाट. गाडी हलली तरी गुरबक्षसिंग तिथेच उभा होता. उतारू मोटारीशी खोळंबले होते, कोणी तरी त्याला हाका मारत होते, आणि त्याचा पाय काही घराकडे वळत नव्हता.